टॅबवाल्या फाइलचे रकाने परत परत विस्कटतायत? प्रत्येक रकान्याला वेगळा टॅबस्टॉप कसा द्यायचा

प्रॉब्लेम आधी सांगते, कारण हा एकदा सुटला असं वाटून माझ्याकडे तीनदा परत आलाय आणि दर वेळी कारण वेगळं आहे असं वाटायचं, प्रत्यक्षात कारण एकच होतं.

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. एका ओळीत एक पुस्तक, आणि पाच रकाने: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, कपाट. दोन रकान्यांमध्ये एक टॅब, बस. स्प्रेडशीट न वापरता टेक्स्ट फाइल का, तर ती कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर उघडते, गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकता येते आणि कोणी काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. फाइल अशी असते (बाण म्हणजे टॅब):

४१२→शेती→कृषी विभाग→१९७१→ब२
४१३→गव्हावरचे रोग आणि त्यांचा बंदोबस्त→कृषी विभाग→१९७४→ब२

आता हीच फाइल एडिटरमध्ये उघडली की टॅब दर ८ घरांवर थांबतो, त्या थांब्यालाच टॅबस्टॉप म्हणतात. घर म्हणजे एका अक्षराची जागा, मी पुढे हाच शब्द वापरतेय, कारण कॉलम म्हटलं की रकाना का अक्षराची जागा हा घोळ होतो. पहिल्या ओळीत नाव छोटं, त्यामुळे लेखक माझ्या स्क्रीनवर १६ घरं सोडून सुरू होतो. दुसऱ्या ओळीत नाव लांबलचक, तिथे लेखक ४० घरं सोडून. म्हणजे २४ घरांचा फरक, बरोबर ३ टॅबचा. आणि मग काय होतं, तर समितीतलं कोणीतरी यादी उघडतं, त्यांना ती वाकडीतिकडी दिसते, ते अगदी मनापासून, नीटनेटकं करावं म्हणून पहिल्या ओळीत आणखी ३ टॅब मारतात. स्क्रीनवर लेखकाखाली लेखक येतो. छान दिसतं. सेव्ह.

पण फाइलमध्ये त्या ओळीला आता पाचाऐवजी आठ रकाने झालेत. पुढच्या महिन्यात कोणी ती स्प्रेडशीटमध्ये उघडली की लेखक तीन रकाने उजवीकडे सरकलेला, "कृषी विभाग" कपाटाच्याही पुढे, आणि वर्षाच्या जागी रिकामं. एकदा तर अशा जवळजवळ दोनशे ओळी मला हाताने तपासाव्या लागल्या, एका बाजूला दाखल रजिस्टर उघडून. ज्यांनी टॅब मारले त्यांची चूक मी मानतच नाही. वाकडं दिसलं की सरळ करणार माणूस. चूक एडिटरच्या दाखवण्यात आहे, आणि तिथेच दुरुस्त व्हायला पाहिजे.

टॅब साइज वाढवून का भागत नाही

पहिला उपाय सगळे हाच सांगतात, सेटिंगमध्ये जा, टॅब साइज ८ ची ४० कर. करून बघितलं. आता दाखल क्रमांकासारख्या तीन आकडी गोष्टीलाही ४० घरं, नावाला ४०, लेखकाला ४०, वर्षाच्या चार आकड्यांनाही ४०. कपाट यायला १६० घरं ओलांडावी लागतात, आमच्या वाचनालयातल्या स्क्रीनवर ते मावतच नाही, ओळ तरी दुमडते किंवा आडवं स्क्रोल करत बसायचं. सगळ्या टॅबना एकच रुंदी असेल तर सगळ्यात रुंद रकान्याची रुंदी सगळ्यांच्या बोकांडी बसते. आपल्याला पाहिजे ती यादी: पहिला टॅब इतका, दुसरा इतका, तिसरा इतका.

आणि ही काही नवी मागणी नाही. ज्यांनी टायपिंगचा क्लास केलाय त्यांना आठवेल, मराठी टायपिंगला स्टेटमेंट असायचं, म्हणजे तक्ता. मशीनवर टॅब सेट आणि टॅब क्लिअर असायचं. आधी जुने स्टॉप क्लिअर करायचे, मग प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द बोटाने मोजायचा, त्यात मधली जागा मिळवायची, सगळ्याची बेरीज ओळीच्या मापातून वजा करून उरलं ते अर्धं डावा मार्जिन, आणि मग कॅरेज सरकवत एकेका जागी सेट दाबत जायचं. एकदा सेट केलं की पूर्ण तक्त्याला रकान्यामागे टॅब एकदाच मारायचा, खट्कन कॅरेज बरोबर जागेवर जाऊन थांबायचं. प्रत्येक स्टॉप वेगळ्या अंतरावर! लोखंडी मशीनला जमत होतं ते. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्येही वरच्या पट्टीवर पाहिजे तिथे स्टॉप लावता येतात. पण त्या फाइलमध्ये स्टॉपची जागा सोबत साठवली जाते. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टॅब म्हणजे फक्त एक कॅरेक्टर, नंबर ९, त्याची रुंदी कुठेच लिहिलेली नसते. दाखवणाऱ्याने ती ठरवायची. म्हणून हे सगळं एडिटरच्या हातात येतं, आणि बहुतेक एडिटरांनी तिथे एकच आकडा भरायची सोय दिलीय. व्हीएस कोडमध्येही टॅब साइज हा एकच आकडा आहे, आणि एडिटरकॉन्फिग नावाची जी कॉमन सेटिंग फाइल असते तिच्यातही टॅब विड्थ एकच.

विममध्ये हे चालतं

मी विम हा एडिटर वापरते, तिथे २०१८ मध्ये ८.१ च्या एका पॅचमध्ये ही सोय आली, निओव्हिममध्येही आहे. ऑप्शनचं नाव व्हारटॅबस्टॉप, शॉर्टमध्ये व्ही टी एस. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, मी उच्चाराप्रमाणे लिहितेय.) आधी आपल्या विममध्ये ती सोय कंपाइल केलेली आहे का ते बघा: टर्मिनलवर विम डॅश डॅश व्हर्जन, आणि त्या यादीत व्हारटॅब्सच्या आधी अधिक चिन्ह आहे का वजा. वजा असेल तर ऑप्शन चालणार नाही, कितीही वेळा लिहा. उबंटूच्या काही मशीनवर सुरुवातीला नुसतं विम-टायनी असतं, त्यात ही सोय नसते, पूर्ण विम टाकावं लागतं. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवलीय म्हणून आधीच सांगतेय.

मग कोलन, सेटलोकल, व्ही टी एस, बरोबर चिन्ह, आणि ६,३६,२४,६. मध्ये स्पेस द्यायची नाही. अर्थ असा: पहिला रकाना ६ घरांचा, दुसरा ३६, तिसरा २४, चौथा ६, आणि त्यानंतर आणखी टॅब आले तर शेवटचा आकडा म्हणजे ६ परत परत. सेटलोकल यासाठी की ते फक्त या फाइलपुरतं राहतं, नाहीतर तुमचे प्रोग्रॅमही असेच दिसायला लागतील. एंटर दाबलं की यादी डोळ्यांसमोर सरळ होते, फाइलमधला एक बाइटही न बदलता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं नुसती वरखाली स्क्रोल करत होते.

दर वेळी टाइप करायचं नसेल तर विमआरसीमध्ये (विमची सेटिंग फाइल) ऑटोकमांड टाका, टीएसव्ही (म्हणजे टॅबने वेगळे केलेले रकाने) एक्स्टेन्शनची फाइल उघडली की हीच सेटलोकल लागू दे. फाइलच्या शेवटी मोडलाइन, म्हणजे विमसाठी सेटिंगची ओळ, लिहिण्याचा सल्ला काही जण देतात, पण डेटाच्या फाइलमध्ये तो नको, कारण ती मोडलाइनही एक पुस्तक म्हणून इम्पोर्ट होते.

आता यातल्या खाचाखोचा, कारण प्रॉब्लेम परत येतो तो इथूनच.

एक्सपांडटॅब चालू असेल तर टॅबची की दाबल्यावर टॅब पडतच नाही, तेवढ्या स्पेस पडतात. स्क्रीनवर फरक कळत नाही. म्हणून या फाइलपुरतं नोएक्सपांडटॅब हवंच. त्याहून लपलेलं म्हणजे सॉफ्टटॅबस्टॉप, अनेकांच्या विमआरसीत तो ४ ठेवलेला असतो, तो असेल तर नोएक्सपांडटॅब असूनही टॅब आणि स्पेसची खिचडी पडू शकते. तोही ० करा. आणि रीटॅब ही कमांड अशा फाइलवर चुकूनही देऊ नका! तिचं कामच मुळी दिसणं तेच ठेवून आतले टॅब-स्पेस बदलणं आहे. प्रोग्रॅमसाठी ते बरोबर, पण आपल्या फाइलमध्ये टॅब ही कुंपणाची खूण आहे, रीटॅब ८ दिलं की एका मोठ्या टॅबच्या जागी तीन-चार टॅब आणि वर स्पेस येऊन बसतील आणि सगळे रकाने गेले.

आणि एक, नाव ३६ घरांपेक्षा मोठं झालं की काय होतं. दाखल क्रमांक ६ घरांत संपला, नाव ४० घरांचं निघालं तर ते ४६ वर संपतं, ४२ चा स्टॉप मागे पडलेला असतो म्हणून टॅब सरळ ६६ वर उडी मारतो, आणि लेखक वर्षाच्या खाली दिसायला लागतो. फाइल बरोबर आहे, पण ती ओळ चुकीची दिसते, आणि इथेच कोणाला तरी एक टॅब पुसावासा वाटतो. म्हणून रुंदी ठरवताना सगळ्यात लांब नाव अधिक दोन घरं, टायपिंगच्या क्लाससारखंच. लांब नाव शोधायला ऑक (ओळी आणि रकाने तपासणारी कमांड) वापरत असाल तर लक्ष ठेवा, काही ऑक अक्षरं मोजतात आणि काही बाइट, मराठीत त्या दोन आकड्यांत तिप्पट फरक पडतो.

ईमॅक्सवाल्यांनी इथे थांबून वाचा

ईमॅक्समध्ये टॅब-स्टॉप-लिस्ट नावाची गोष्ट आहे, नाव बघून वाटतं हेच ते. तसं नाही. ती यादी फक्त मेटा-आय दाबल्यावर कर्सर कुठे जाणार त्यासाठी आहे, फाइलमध्ये आधीपासून असलेला टॅब किती रुंद दाखवायचा ते टॅब-विड्थ ठरवतो आणि तो एकच आकडा. आणि मेटा-आय त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी लागतील तेवढे टॅब नाहीतर स्पेस भरतो. म्हणजे टाइप करताना तक्ता सुंदर दिसतो आणि आत परत तोच घोळ, रकान्यामागे तीन-चार टॅब. कोबोलसारख्या ठरलेल्या घरांवर लिहायच्या भाषेला ते उत्तम, टॅबने वेगळे केलेल्या डेटाला नाही.

आकडे तीन पद्धतीने मोजले जातात

फाइल नुसती बघायची किंवा प्रिंट काढायची असेल तर एडिटर लागतच नाही, पण प्रत्येक टूलचा हिशेब वेगळा आहे आणि मी हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. विमला रुंदी द्यायची: ६,३६,२४,६. एक्सपांडला (टॅबच्या जागी स्पेस घालून देणारी कमांड) आणि लेसला (फाइल पानापानाने दाखवणारी) बेरीज द्यायची, सुरुवात शून्यापासून: ६,४२,६६,७२. एक्सपांडला डॅश टी नंतर, लेसला डॅश एक्स नंतर. शेवटच्या स्टॉपच्या पुढे टॅब आला तर लेस शेवटच्या दोन आकड्यांमधलं अंतर पुढे चालू ठेवतो, एक्सपांड मात्र फक्त एक स्पेस देतो. आणि टर्मिनलचीच टॅब्स नावाची जी कमांड आहे ती १ पासून मोजते, म्हणून तिला १,७,४३,६७,७३. एका घराने तक्ता सरकलेला दिसला की समजायचं, इथेच चुकलंय.

या टॅब्स कमांडमध्ये जुन्या भाषांसाठी तयार स्टॉप अजूनही आहेत: डॅश सी दिलं की कोबोलचे १,८,१२,१६,२०,५५ लागतात, डॅश ए दिलं की आयबीएमच्या असेम्बलरचे १,१०,१६,३६,७२. पंच कार्डांच्या जमान्यात कुठल्या घरापासून काय लिहायचं ते ठरलेलंच असायचं, कोबोलमध्ये ८ व्या घरापासून एक भाग आणि १२ व्या पासून दुसरा, त्यामुळे असमान टॅब ही तिथे चैन नव्हती, गरज होती. पुण्या-मुंबईत मेनफ्रेमवर काम करणारे अजून खूप जण आहेत, त्यांनी विममध्ये व्ही टी एस ७,४,४,४ लावून बघा, कोबोलची घरं आपोआप जुळतात.

टॅब्स कमांड देऊन नुसतं कॅट (फाइल जशीच्या तशी स्क्रीनवर दाखवणारी कमांड) केलं तरी यादी सरळ दिसते. काम झालं की टॅब्स डॅश ८ देऊन पूर्ववत करा, कारण बाकीचे प्रोग्रॅम ८ गृहीत धरून चालतात आणि त्यांचं आउटपुट विस्कटतं.

मराठीचा वेगळा त्रास, आणि मूळ कारण

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. वरचं सगळं इंग्रजी यादीला चोख चालतं. मराठी यादीत सगळं सेट करूनही एखादी ओळ तीन घरं उजवीकडे, एखादी दोन घरं डावीकडे. मला वाटायचं कोणीतरी परत टॅब मारले. तपासलं तर टॅब एकच.

"ज्ञानेश्वर" हा शब्द घ्या. वाचताना आपण चार अक्षरं म्हणतो, ज्ञा-ने-श्व-र. कॉम्प्युटरच्या आत त्याची दहा कॅरेक्टर आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट म्हणजे एकूण ३०. मग या शब्दाला घरं किती? चार, दहा, का तीस, का मधलं काहीतरी? ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. माझ्या मशीनवरचं एक्सपांड बाइट मोजतं, त्याच्या दृष्टीने (दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत आहे असं धरलं तर) नाव ६ पासून सुरू होऊन ३६ वर संपलं, म्हणून ४२ पर्यंत जायला ते सहाच स्पेस घालतं. तिथेच दहा अक्षरांचं इंग्रजी नाव असतं तर २६ स्पेस घातल्या असत्या. स्क्रीनवर दोन्ही शब्द जवळपास सारखे, आणि पुढचा रकाना वीस घरं इकडेतिकडे. त्यामुळे मराठीसाठी एक्सपांड मी सोडूनच दिलं.

विम आणि लेस बाइट मोजत नाहीत, ते बरेच शहाणे आहेत, हलन्त आणि वरची मात्रा यांना वेगळं घर देत नाहीत. पण ते आपल्या हिशेबाने मोजून तेवढ्या स्पेस पाठवतात आणि प्रत्यक्ष अक्षर काढणारं टर्मिनल आपल्या हिशेबाने, फॉन्टप्रमाणे काढतं. जोडाक्षर आलं की दोघांचं मोजमाप जुळेलच असं नाही. हेच मूळ आहे या सगळ्याचं: मोजणारा एक आणि काढणारा दुसरा असला की मराठी तक्ता सरकतो. कॅट केल्यावर यादी सरळ का दिसत होती, तर तिथे अक्षरं काढणारंही टर्मिनल आणि टॅब कुठे थांबवायचा ते ठरवणारंही टर्मिनल. लिबरऑफिसमध्ये सरळ का, तेच कारण.

याच्यावर माझा उपाय इतका साधा आहे की आधी सुचला नाही याचं वाईट वाटतं. रकान्यांचा क्रम बदलला. दाखल क्रमांक, कपाट, वर्ष आधी आणि नाव, लेखक शेवटी:

४१२→ब२→१९७१→शेती→कृषी विभाग

आकडे मराठी असले तरी एक आकडा एक घर, त्यात मात्रा नाही, जोडाक्षर नाही, त्यामुळे पहिले तीन रकाने कुठेही सरकत नाहीत. नाव सुरू होतं ते सगळ्या ओळींत एकाच जागी. सरकला तर फक्त शेवटचा लेखक सरकतो, त्याच्या पुढे कोणी नाहीच. विममध्ये आता माझं व्ही टी एस ६,६,६,४० आहे. आणि हे बदलल्यापासून नुसतं नोटपॅडमध्ये उघडणाऱ्यालाही यादी बरीच बरी दिसते, तिथे तर काही सेटही करता येत नाही.

बिघडलेली फाइल दुरुस्त करताना

आधी कॉपी काढून ठेवा. मग ऑकला सेपरेटर टॅब आहे असं सांगून ज्या ओळीत एनएफ (रकान्यांची संख्या) पाच नाही तिचा एनआर (ओळीचा नंबर) छापायला लावा, सगळ्या बिघडलेल्या ओळींचे नंबर मिळतात. विममध्ये लिस्टचार्समध्ये टॅबची खूण देऊन सेट लिस्ट केलं की टॅब त्या खुणेने दिसतात, तेही चालू ठेवा, डोळ्यांना सवय होते.

लागोपाठ आलेले टॅब एकाच टॅबने बदलायचा मोह होईल, पण लेखक माहीत नसलेलं पुस्तक असेल तर तिथेही दोन टॅब लागोपाठच असतात, ते खरे असतात. म्हणून आमच्याकडे आता नियम केलाय, रकाना रिकामा ठेवायचाच नाही, आडवी रेघ टाकायची. एकदा हे पाळलं की दोन टॅब शेजारी शेजारी दिसले म्हणजे नक्की चूक, आणि सर्च करून सगळीकडे एकाने बदलायला भीती नाही. गिटमध्ये बदल बघताना डॅश डब्ल्यू लावू नका, त्याने व्हाइटस्पेसचे फरक लपतात आणि आपल्याला नेमके तेच बघायचेत.

तुमच्या एडिटरमध्ये ही सोय नसेल तर

मागा. खरंच मागा, नीट लिहून. मी दोन ठिकाणी मागितली, पहिल्या ठिकाणी उत्तर आलं की टॅब साइज बदलायची सेटिंग आहेच, दुसऱ्या ठिकाणी की स्पेस वापरा. दोन्ही उत्तरांचा राग आला, पण नंतर माझीच मागणी वाचून बघितली तर मी फक्त "टॅबची रुंदी वेगवेगळी ठेवता आली पाहिजे" एवढंच लिहिलं होतं, समोरच्याला काय कळणार. आता मी दोन ओळींचा नमुना देते, वर दिलाय तसा, टॅबच्या जागी बाण दाखवून, आणि ८ ने कसं दिसतं आणि ४० ने कसं दिसतं ते दोन स्क्रीनशॉट. स्पेस का चालत नाहीत तेही स्पष्ट लिहिते: टॅब इथे सजावटीसाठी नाहीये, तो दोन रकान्यांमधली हद्द आहे, स्पेस घातल्या तर "कृषी विभाग" एक का दोन रकाने ते कुठल्याच प्रोग्रॅमला कळणार नाही.

मग काय पाहिजे ते. आकड्यांची यादी देता यावी आणि शेवटचा आकडा पुढे चालू राहावा. ती यादी त्या त्या फाइलपुरती किंवा एक्स्टेन्शनपुरती असावी. फक्त दाखवण्यात फरक पडावा, फाइल अजिबात बदलू नये. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: स्टॉपची जागा अक्षरं मोजून न ठरवता स्क्रीनवरच्या प्रत्यक्ष अंतराने ठरवावी, नाहीतर देवनागरी, बंगाली, तमिळ लिहिणाऱ्या सगळ्यांची यादी सरकणार. हा शेवटचा मुद्दा आपण नाही लिहिला तर कोणीच लिहिणार नाही, कारण ज्यांना तो त्रास नाही त्यांना तो दिसतच नाही.

"हे फार अवघड आहे" असं उत्तर आलं तर हेही सांगण्यासारखं आहे की खालच्या थराला ही सोय बऱ्याच ठिकाणी आधीच आहे. विंडोजच्या साध्या एडिट बॉक्सला टॅबस्टॉपची यादी पाठवायचा मेसेज आहे. प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायच्या क्यूटी या लायब्ररीमध्ये आहे, तशीच दुसरी लायब्ररी जीटीके ज्यावर चालते त्या पँगोमध्ये टॅबची यादी आहे. नोटपॅड प्लस प्लस ज्याच्यावर उभं आहे त्या सिंटिलामध्ये तर प्रत्येक ओळीला वेगळे स्टॉप लावता येतात, तेही पिक्सेलमध्ये. म्हणजे अशा एडिटरला नवीन चित्रकला शिकायची नाहीये, सेटिंगचा दरवाजा उघडायचाय.

इलॅस्टिक टॅबस्टॉपचं नावही अशा चर्चेत हमखास येतं. निक ग्रॅव्हगार्ड यांनी २००६ मध्ये मांडलेली ही कल्पना, एडिटरने स्वतःच शेजारच्या ओळी बघून रकान्याची रुंदी ठरवायची, आकडे द्यायचेच नाहीत. गो भाषेच्या टॅबरायटर पॅकेजमध्ये हीच पद्धत आहे, आणि नोटपॅड प्लस प्लससाठी प्लगइन आहे, वर सांगितलेले सिंटिलाचे स्टॉप वापरूनच चालणारं, त्यामुळे मराठीतही ते बरंच चांगलं दिसतं. प्रोग्रॅममधल्या कॉमेंट जुळवायला मला ते फार आवडतं. पण पाच-सहा हजार ओळींच्या यादीत एकच नव्वद अक्षरी नाव आलं की त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या ओळींचा लेखक नव्वद घरं पलीकडे जातो, म्हणून यादीसाठी मला ठरलेले आकडेच बरे वाटतात. तुमच्या फाइलमध्ये मधे मधे रिकाम्या ओळी असतील, छोटे छोटे गठ्ठे असतील, तर आधी इलॅस्टिकच लावून बघा.

व्हीएस कोडवाल्यांना सध्या एक्स्टेन्शनवरच भागवावं लागतं. रेनबो सीएसव्हीने प्रत्येक रकाना वेगळ्या रंगात दिसतो, आणि खरं सांगायचं तर समितीतल्या लोकांसाठी मी शेवटी तेच लावून दिलं, कारण रंग बघून त्यांना लगेच कळतं की लेखक हिरव्यात असायला पाहिजे तो निळ्यात का आला. त्यातलं अलाइन वापरलंत तर ते फाइलमध्ये स्पेस तर घालत नाही ना ते बघा, घालत असेल तर सेव्ह करण्याआधी श्रिंक करायला विसरू नका. आमच्याकडे त्या कॉम्प्युटरच्या शेजारी चिठ्ठी लावलीय: "वाकडं दिसलं तरी टॅब मारू नका, मला फोन करा."